एका वेळी एकच रीळ

बायको : ते फेरी मारून परत यायच्या आत सांगते, सिस्टर. दार जरा लोटून घ्या. यांना विसर पडायला लागलाय.

सिस्टर : मास्तरांना? विसर?

बायको : पायाचं म्हणत नाही मी. पाय तुम्ही बघताच आहात. डोक्याचं म्हणतेय. परवाचंच घ्या. सकाळी म्हणाले, अगं, पांढरा दोरा संपला, दुकानातून एक रीळ आण. आणलं. जेवणं उरकून जरा पाठ टेकते तर म्हणे निळं राहिलंच. गेले. परत येऊन पाणी पिते न पिते तोच काळं हवं. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस हो! महिन्याचे दोरे एकदम आणून डब्यात रंगवार लावणारा. सुई इकडची तिकडे झाली तर घर डोक्यावर घ्यायचे. आणि आता एका वेळी एकच रीळ, तेही दिवसातून तीनदा.

सिस्टर : कधीपासून चाललंय हे?

बायको : मागच्या मोठ्या तपासणीनंतरच सुरू झालं. सहा महिने होत आले. बटणांचं तर विचारूच नका. शर्टाला सात बटणं लागतात. यांनी आधी चार मागवली, मग तीन. मी तोंडातून ब्र काढत नाही. मुकाट्यानं पिशवी उचलते आणि जाते. म्हटलं, बोलून दाखवलं तर मनाला लागायचं. पण जीव थाऱ्यावर नाही हो माझा. डावा पाय गेला तेव्हा म्हटलं, जाऊ दे, पाय बनवून मिळतो. डोकं कुठं मिळणार?

सिस्टर : वहिनी, आधी पाणी प्या. हा आजार रक्ताच्या नळ्यांचा आहे. पायाच्या नळ्या चोंदतात तशा डोक्याच्याही चोंदू शकतात, हे मी नाकारत नाही. पण आधीच घाबरायचं नाही. चार प्रश्न विचारून बघते त्यांना.

बायको : मी सांगितलं म्हणू नका.

सिस्टर : सगळ्यांनाच विचारते म्हणेन. तुम्ही फक्त चेहरा सरळ ठेवा.

बायको : आणि आजचा आकडा? त्यावर सगळं आहे ना?

सिस्टर : त्यावर बरंच आहे. दंडाचा दाब आणि घोट्याचा दाब, दोन्ही घेऊन आपण उजव्या पायात रक्त किती पोचतं ते बघतो. मागच्या वेळी साठ टक्के होतं. आज त्याहून खाली गेलं असेल तर मला त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे पाठवावं लागेल. ते नळी उघडायचा प्रयत्न करतील.

बायको : आणि नाही उघडली तर हाही पाय.

सिस्टर : तिथवर आपण अजून गेलेलो नाही. आले बघा. पुसा डोळे.

मास्तर : काय हो, माझ्या पाठीमागं दोघींची कसली बेतणी चाललीय?

सिस्टर : या मास्तर, बसा. सहा मिनिटांत किती झालं? बघू कागद. अं? तीन फेऱ्या? आणि दोनदा थांबलात?

मास्तर : भिंतीवर ते हृदयाचं चित्र लावलंय ना तुम्ही. छान आहे. ते बघत होतो.

सिस्टर : आणि दुसऱ्यांदा?

मास्तर : उजळणी केली.

सिस्टर : पोटरी दुखली म्हणून नाही थांबलात?

मास्तर : छे. पोटरीचं नावही काढू नका.

सिस्टर : बरं. पाय काढा. खुंट बघू. खुंटावर मोजे किती चढवता?

मास्तर : दोन. दुपारनंतर तीन. संध्याकाळपर्यंत पाय आटतो माझा. पहिल्या धुण्यात सुती कापड आटतं तसा.

सिस्टर : लाली नाही. मागच्या महिन्यातला फोड पूर्ण भरलाय. छान. आता उजवा. बोटांच्या मध्ये रोज बघता?

बायको : मी बघते. रोज सकाळी. ट्रायलचा आरसा आडवा धरते तळव्याखाली आणि बॅटरी मारते.

मास्तर : चाळीस वर्षं त्या आरशात गिऱ्हाइकं सूट घालून मिरवली. आता माझा तळवा मिरवतोय.

सिस्टर : अनवाणी?

बायको : एक पाऊल नाही. पलंगाखालीच बूट असतात. घालायच्या आधी उपडे करून झटकते. एकदा आतून बटण पडलं होतं. तेव्हापासून बटणांची बरणी मी कुलपात ठेवलीय.

सिस्टर : आणि तंबाखू?

मास्तर : सहा वर्षं आणि दोन महिने. परवा तर स्वप्नात कुणी दिली, तीही परत केली.

सिस्टर : शाबास. आता चार साधे प्रश्न. सगळ्यांनाच विचारते. तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा. खिडकी, लिंबू, शिट्टी. आज वार कोणता?

मास्तर : गुरुवार. तुमच्या खोलीत कॅलेंडर नाही का?

सिस्टर : शंभरातून सात वजा करत जा.

मास्तर : त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न, एक्कावन्न… कुठपर्यंत जाऊ? कापड बेतणाऱ्या माणसाला वजाबाकी विचारता?

सिस्टर : पुरे. ते तीन शब्द?

मास्तर : खिडकी, लिंबू, शिट्टी. तुमची मापं सांगू का? चार वर्षांपूर्वी तुमचे दोन एप्रन शिवले होते. खांदा साडेचौदा, बाही नऊ, डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धं बोट खाली. कंबर सांगत नाही, तुमच्या हातात सुई आहे.

सिस्टर : वहिनी, माझ्यापेक्षा चांगलं डोकं आहे हो यांचं.

बायको : मग परवाचं आकाशी रीळ? सकाळी विचारलं, आकाशी लागेल का? म्हणाले, नाही. दुपारी म्हणे, अरेच्चा, आकाशी राहिलं.

मास्तर : ते… ते कामाच्या नादात होतं.

सिस्टर : बरं, ते राहू द्या. रोज चाला म्हणून सहा महिन्यांपूर्वी दिलेलं ते पावलं मोजायचं यंत्र आणलंय ना? द्या इकडे. कॉम्प्युटरला लावते. बघू सहा महिन्यांचं… अरे वा!

बायको : काय झालं?

सिस्टर : रोजची सरासरी आठ हजार शंभर! वहिनी, दोन पाय शाबूत असलेले लोक एवढं चालत नाहीत. रविवारी थोडं कमी, सोमवारपासून परत चढतं. मास्तर, कमाल आहे तुमची.

मास्तर : तुम्ही सांगितलंत, आम्ही केलं. एवढं काय त्यात.

बायको : मला तर कधी दिसले नाहीत चालताना. मी आले की हे मशीनवरच.

मास्तर : तू बाहेर गेलीस की मी निघायचो.

सिस्टर : पण मग मास्तर, एक कळत नाही. रोज आठ हजार पावलं चालणारा माणूस आज तीन फेऱ्यांत दोनदा थांबला कसा? एवढं चालल्यावर पोटरी तयार व्हायला हवी होती.

मास्तर : म्हटलं ना, चित्र बघत होतो.

सिस्टर : आणि हा दिवस बघा. सगळ्यात मोठा. गेल्या महिन्यात बारा तारीख. चौदा हजार दोनशे!

बायको : बारा? थांबा हं. आठ तारखेला आम्ही इथं आलो होतो, फोड दाखवायला.

सिस्टर : बरोबर. मी आठवडाभर पाय घालू नका म्हटलं होतं.

बायको : आणि घातलाच नाही यांनी. बारा तारखेला पाय कोपऱ्यात मशीनला टेकून उभा होता. मी केर काढताना त्याच्याभोवती फिरून काढला. यांनी त्याच्यावर टेप टांगून ठेवली होती.

मास्तर : अगं, दिवस इकडचा तिकडे होतो आठवताना.

बायको : माझा नाही होत. मग चौदा हजार पावलं कोण चाललं? तो पाय एकटाच गेला होता का फिरायला?

मास्तर : यंत्र बिघडलं असेल.

बायको : बारा तारखेला मी बँडवाल्या शाळेचे गणवेश पोचवले. बत्तीस जोड. एकदम झेपेनात म्हणून तीन खेपा केल्या. मग टोप्यांचे गोंडे घरीच राहिले म्हणून चौथी. घरी येऊन टेकले तर यांनी लाल रिळाला पाठवलं. लाल आणलं तर म्हणे सोनेरी… अहो.

मास्तर : हं.

बायको : माझी पिशवी द्या.

मास्तर : कशाला? राहू दे तिथंच.

बायको : द्या म्हणते ना. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही हिला तळाला अस्तर लावून दिलंत. मी शेजारणीला सांगत फिरले, मास्तरांनी आपणहून लावलं म्हणून. सिस्टर, ती कात्री द्या जरा. नाही, नकोच, बोट जातंय आत… हे बघा! चोरखिसा! अस्तराच्या आत! आणि घाला बरं तुमचं ते यंत्र यात.

सिस्टर : बरोबर बसलं.

बायको : बसणारच. मापानं शिवलाय मेला.

सिस्टर : बाहेरून कळतसुद्धा नाही हो कुठं आहे ते.

मास्तर : टीप आतून घेतलीय. कड दुमडून मग हातशिलाई. दोऱ्याचा रंगही अस्तराचाच.

सिस्टर : मास्तर, मी कौतुक करत नाहीये.

मास्तर : नाही, तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

बायको : म्हणजे ही आठ हजार पावलं माझी.

मास्तर : तुझी.

बायको : आणि दोरा?

मास्तर : तू स्वयंपाकाला लागलीस की मी पिशवीतलं यंत्र बघायचो. आकडा कमी दिसला की रीळ मागायचो. दुकानापर्यंत जाऊन-येऊन बाराशे पावलं पडतात.

बायको : डब्यात दोरा होता?

मास्तर : डबा भरलाय. दुसराही. जुन्या पंख्याच्या खोक्यात अजून साठ रिळं आहेत.

बायको : म्हणजे तुम्ही विसरत नव्हता.

मास्तर : विसरून कसं चालेल? कुठला रंग मागितला, कुठला राहिला, सगळं ध्यानात ठेवायला लागायचं. एकच रंग दोनदा मागितला असता तर तुला संशय आला असता. डोक्याचा भुगा झाला माझ्या.

बायको : म्हणजे डोकं ठीक आहे! सिस्टर, यांचं डोकं ठीक आहे हो! लबाड आहे, चोरटं आहे, पण जागेवर आहे!

सिस्टर : वहिनी, हसताय की रडताय?

बायको : मलाच कळत नाहीये. रुमाल द्या कुणीतरी. सहा महिने मी देवाला… अहो, मला वाटलं तुम्ही मला ओळखेनासे होणार. मी रोज सकाळी तुम्हाला मुद्दाम विचारत होते, आज वार कोणता म्हणून.

मास्तर : ते तू मुद्दाम विचारायचीस?

बायको : मग काय! उत्तर बरोबर आलं की चहा गोड लागायचा मला.

मास्तर : अगं, मला वाटलं तुलाच विसर पडतोय! रोज उठून बाई वार विचारते. एकदा तर तासाभरात दोनदा विचारलंस. मी घाबरून गप्प बसलो. म्हटलं, बोललो तर हिच्या मनाला लागायचं.

बायको : अय्या!

मास्तर : म्हणून तर भिंतीवर ते मोठं कॅलेंडर आणून लावलं. तुझ्यासाठी!

बायको : आणि मी शेजारणीला म्हटलं, बिचाऱ्यांना आता कॅलेंडर बघावं लागतं!

सिस्टर : पुरे हो दोघं, पुरे! बाहेरचे पेशंट म्हणतील, आत नाटक चाललंय. माझं पोट दुखायला लागलं.

बायको : एक मिनिट. माझे कपडे! दोनदा आत घेतलेत ना तुम्ही, सैल होतात म्हणून? मी विचारलं तर म्हणालात, धुऊन धुऊन कापड सैल पडतं!

मास्तर : दोन्ही बाजूंनी मिळून चार इंच गेलीस. आता खरं कसं सांगणार?

सिस्टर : वहिनी, तुमचंच रूप पालटलंय त्या दोऱ्यानं. पण आता माझं ऐका मास्तर. हसून झालं. सहा महिने तुम्ही किती चाललात? खरं सांगा.

मास्तर : घरातल्या घरात.

सिस्टर : म्हणजे नाहीच.

मास्तर : पहिले नऊ दिवस गेलो होतो. मनापासून गेलो.

बायको : मग?

मास्तर : राहू दे ना आता.

बायको : नाही राहू देणार. आत्तापर्यंत हसले मी, पण एक सांगते. सहा वर्षांपूर्वी अंगठा काळा पडला तेव्हा दोन महिने तुम्ही माझ्यासमोर मोजा काढला नाहीत. झोपतानाही नाही. शाळांचे गणवेश चाललेत, हातात वेळ नाही, एवढंच बोलायचात. पाय गेल्याचं दुःख झालंच मला. पण तुम्ही तो मोज्यात घालून माझ्यासमोर जेवत होता, त्याचं जास्त झालं. आणि आता परत तेच. नुसता मोज्याचा चोरखिसा झाला. काय झालं दहाव्या दिवशी?

मास्तर : कोटवाल्याच्या दुकानासमोर थांबलो.

सिस्टर : कोण कोटवाला?

बायको : पलीकडच्या रस्त्यावर मोठं काचेचं दुकान आहे त्याचं. काज-बटण यांच्याकडेच शिकला. सात वर्षं होता.

मास्तर : पोटरी अशी आवळून येते ना सिस्टर, कुणी पिळा दिल्यासारखी. मग थांबायचं. मिनिटभरात जाते, परत चालायचं. तुम्हीच सांगितलं होतं. आता रस्त्यात नुसतं कसं उभं राहणार? लोक बघतात. म्हणून मी दुकानं बघितल्यासारखं करायचो. घड्याळवाला, भांडीवाला, मग तो. त्या दिवशी त्याच्या काचेतला कोट बघत उभा राहिलो. तो आतून धावत आला.

बायको : काय म्हणाला?

मास्तर : वाईट काही नाही. वाईट बोलला असता तर बरं झालं असतं. स्टूल घेऊन आला. म्हणाला, मास्तर, बसा. आत दोन गिऱ्हाइकं होती, तीही बघत होती. ज्याला मी सात वर्षं स्टुलावर बसवून काजं घालायला लावली, चुकला तर उसवायला लावली, तो मला म्हणतो, बसा.

बायको : आणि तुम्ही?

मास्तर : म्हटलं, मी तुझी कॉलर बघायला आलोय, वाकडी बसलीय. आणि तसाच चालत सुटलो. दुखत होतं तरी. घरी येऊन अस्तराचं कापड शोधलं.

बायको : कॉलर वाकडी होती?

मास्तर : सुरेख होती.

सिस्टर : चला, मास्तर. आडवे व्हा. दाब घेते. आता बोलायचं नाही कुणी.

बायको : तुम्ही हात धरू देता का, की तेही नको?

मास्तर : धर. आज धरच.

सिस्टर : दंड झाला. आता घोटा. जरा गार लागेल… शू.

बायको : हा फस-फस आवाज कसला?

सिस्टर : रक्ताचा. येतोय, म्हणजे वाट आहे. शू म्हटलं ना वहिनी… परत एकदा घेते.

मास्तर : परत का?

सिस्टर : खात्री करायला. हं… बसा उठून.

मास्तर : सांगून टाका. मी काय पेरलंय ते मला ठाऊक आहे.

सिस्टर : मागच्या वेळी साठ. आज साठ.

बायको : म्हणजे?

सिस्टर : म्हणजे घसरलेला नाही. मोठ्या डॉक्टरांकडे आज जायचं नाही.

बायको : अगं बाई! सिस्टर, तुमच्या तोंडात साखर पडो!

मास्तर : पण मी तर चाललोच नाही.

सिस्टर : तंबाखू सोडलीत. गोळी एक चुकवली नाहीत. आणि या रोज बॅटरी घेऊन तळव्याखाली वाकतात. सहा वर्षांपूर्वी तुमच्याबरोबर पाय गेलेले अकरा जण होते माझ्या वहीत, मास्तर. आता चौघं येतात. चौघांच्याही घरी असं वाकणारं कुणीतरी आहे. पण हुरळून जाऊ नका. आकडा टिकला, पोटरी नाही सुधारली. ती फक्त चालून सुधारते, दुसऱ्या कुणाच्या चालण्यानं नाही. आणखी तीन महिने देते. या वेळी खरे.

मास्तर : कबूल.

बायको : सिस्टर, माझाही घ्या ना दाब. बघू तरी एवढं चालून काय मिळालं.

सिस्टर : या, आडव्या व्हा. पाच मिनिटं पडून राहा… दंड… घोटा… वा! एकशे दहा! घोट्याचा दाब दंडाहूनही जास्त! वहिनी, या खोलीत आज पहिला नंबर तुमचा.

बायको : ऐकलंत का? एकशे दहा!

मास्तर : ऐकलं. माझं शिवण कधी वाया गेलंय?

सिस्टर : ऐका, आता माझा हुकूम. यंत्र मास्तरांच्या कमरेला, बाहेरून, मला दिसेल असं. दोरा आणायला मास्तर जाणार. एका वेळी एकच रीळ. दिवसातून तीनदा.

मास्तर : खोक्यात साठ आहेत म्हटलं ना.

सिस्टर : मग एक घेऊन जायचं आणि बदलून आणायचं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं. पहिला आठवडा वहिनी बरोबर राहतील.

बायको : पहिला आठवडा कशाला? मला आता सवय लागलीय. घरी बसले तर कपडे परत उसवून सैल करावे लागतील यांना.

(दवाखान्याबाहेरचा रस्ता. दोघंच, चालताना.)

बायको : एकशे चाळीस पावलं. दमलात का?

मास्तर : नाही. मोठ्यानं मोजू नकोस, लोक बघतात.

बायको : बघू देत की. एकशे त्रेचाळीस. इतकी वर्षं मी तुमच्या मागून चालले, आज पहिल्यांदा बरोबरीनं चालतेय, कळलं का?

मास्तर : तेव्हा मी फार भरभर चालायचो.

बायको : ते सांगू नका. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला नेलंत तेव्हा मी चौकात हरवले होते. परत शोधायला आलात तर म्हणालात, तूच मागं राहिलीस.

मास्तर : तेव्हाही थांबून काच बघत होतीस तू. बांगड्यांची.

बायको : मी खरंच बघत होते. तुमच्यासारखं नाही. दोनशे दहा.

मास्तर : अगं…

बायको : दोनशे सतरा. अहो, हळू. इकडून कुठं वळलात? आपला रस्ता सरळ आहे.

मास्तर : इकडूनही घरी जाता येतं.

बायको : जाता येतं, पण इकडं तर… बरं. चला. दोनशे साठ. का थांबलात? आणि काचेत काय बघताय?

मास्तर : तो करडा कोट बघ. कॉलर बघ त्याची.

बायको : चांगली बसलीय.

मास्तर : फार चांगली बसलीय. मी शिकवली तशीच.

बायको : म्हणून थांबलात?

मास्तर : नाही. पोटरी दुखतेय. पिळा बसलाय.

बायको : मग टेका माझ्या खांद्याला. मिनिटभरात जाईल. आपल्याला कुठं घाई आहे?

मास्तर : खांदा नको. सरक जरा, दार उघडू दे. अरे ए, आहेस का आत? ते तुझं स्टूल आण रे. नाही, मापाला नाही आलो, पाय दुखतोय माझा. आणि हे बघ, एक नको. दोन आण. बरोबर बायको आहे.